बलवत्तर प्रतिस्पर्धी

येवल्याची संक्रांत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना गुरुशिष्यांचा एक निराळाच संबंध ठाऊक असेल. भोगी, संक्रांत व कर असे तीन दिवस त्या गांवचें सारें जीवन घरांच्या गच्च्यांवर येऊन ठेपतें. तेथें पतंग उडविणारा कसबी माणूस कोणाला धडे देत बसत नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं आसारी धरून उभा राहिलेला मुलगा दोन संक्रांतींत पुष्कळ कांहीं शिकतो. पेच लागल्यावर ढील केव्हां द्यावी आणि खेंच केव्हां मारावी, हें त्यानें हात पाहून ओळखलेलें असतें. पुढें त्याचा स्वतःचा पतंग कापला गेला, तर तो नुसता हळहळत नाहीं. कापणाऱ्याचा हात कसा चालला, हें आठवून पाहतो.

त्याच येवल्यांतला मुलगा आज पैठणीच्या मागांचा आवाज ऐकत मोबाइलवर बुद्धिबळ खेळूं शकतो, आणि त्याचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या खंडांत असूं शकतो. ही सोय लहान नव्हे. एके काळीं तालुक्याच्या गांवीं चार चांगले खेळाडू मिळणें दुर्घट होतें. तथापि या सोयींत एक उणीव आहे. येथें शेजारीं उभें राहून हात पाहतां येत नाहीं. तीन मिनिटांचा डाव हरतो, बोट लागतें, आणि दुसरा डाव सुरू होतो. असे शेंकडों डाव होतात, तरी खेळ होता तेथेंच राहतो. मग घरचीं माणसें म्हणतात कीं, हा सारा वेळ वायां गेला. दोष खेळाचा नसतो. हरल्यानंतर जें करावयाचें तें केलेलें नसतें.

पहिला प्रश्न प्रतिस्पर्ध्याच्या निवडीचा. संकेतस्थळ आपण होऊन बहुधा बरोबरीचाच गडी समोर आणून बसवितें. श्रेष्ठ खेळाडू हवा असेल, तर तो मुद्दाम शोधावा लागतो. पुष्कळांना त्याची भीति वाटते, कारण मानांकन घसरेल अशी धास्ती असते. ही धास्ती गणिताला धरून नाहीं. अर्पाद एलो या प्राध्यापकांनीं बसविलेली मानांकनाची पद्धति जागतिक बुद्धिबळ संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. तिच्या हिशेबानें २०० गुणांनीं वरचढ असलेल्या खेळाडूशीं १०० डाव झाले, तर दुबळ्याला सुमारें २४ गुण मिळावेत, अशी अपेक्षा असते. म्हणून अशा खेळाडूकडून हरल्यास साधारण प्रौढ खेळाडूचें मानांकन ५ गुणांच्या आसपास उतरतें. जिंकल्यास मात्र सुमारें १५ गुणांनीं चढतें. संकेतस्थळांचे हिशेब थोडे निराळे असले, तरी तत्त्व हेंच आहे. अंतर ४०० गुणांचें झालें, तर हीच अपेक्षा १०० डावांत ९ गुणांपर्यंत खालीं येते. तेव्हां पराभवाचें कारणहि नवशिक्याला उमगत नाहीं. फार दूरचा गुरु उपयोगी पडत नाहीं. दोन पायऱ्या वर उभा असलेला उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. डाव संपतांच यंत्र प्रत्येक चुकीवर खूण करून दाखवितें. लिचेससारख्या संकेतस्थळावर ही सोय विनामूल्य आहे. परंतु उत्तर आधीं वाचून गणित सोडविण्यांत जो लाभ, तोच येथें. घोडा कोठें न्यावयास हवा होता, हें यंत्र सांगतें. तो तेथें नेण्याचें खेळणाऱ्याला कां सुचलें नाहीं, हें सांगत नाहीं. गुकेश याचे आरंभींचे गुरु विष्णु प्रसन्न यांनीं त्याला सुरुवातीच्या काळांत यंत्राची मदत घेऊं दिली नव्हती. स्वतःच्या डोक्यानें मोजण्याची संवय आधीं जडावी, हा त्यांचा हेतु. तोच गुकेश २०२४ च्या डिसेंबरांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, जगज्जेता झाला. म्हणून हरलेला डाव प्रथम यंत्रावांचून पुन्हां मांडावा. आपला बेत काय होता, तो कोणत्या खेळीला फसला आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्याआधीं काय दिसलें, हें दोन ओळींत लिहून ठेवावें. यंत्राला विचारावयाचें तें त्यानंतर. शक्य असेल तर जिंकणाऱ्यालाच नम्रपणें विचारावें. पुष्कळ चांगले खेळाडू आनंदानें सांगतात.

श्रेष्ठांच्या सहवासाचें फळ नाशिक जिल्ह्याला अपरिचित नाहीं. नाशिकचे विदित गुजराथी २०१३ सालीं ग्रँडमास्टर झाले. २०२० सालीं साथीच्या दिवसांत ते इंटरनेटवर प्रेक्षकांसमोर खेळत व आपले विचार बोलून दाखवीत, आणि पाहणाऱ्यांना श्रेष्ठ खेळाडूचें मन डाव चालू असतांनाच ऐकावयास मिळे. आसारी धरणाऱ्या मुलाची जागा अशा रीतीनें हजारोंना लाभली. पुढें २०२४ सालीं टोरोंटो येथें जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्याच्या स्पर्धेंत त्यांनीं हिकारू नाकामुरा यांना दोन्ही डावांत हरविलें. त्या स्पर्धेंत गुजराथी पहिल्या पांचांत आले नाहींत, आणि नाकामुरा दुसऱ्या स्थानाच्या बरोबरींत राहिले. बलवत्तर खेळाडूहि अभ्यासाच्या जोरावर हरतो, हें यावरून दिसतें.

या शिक्षणाला एक पथ्य आहे. डाव चालू असतां गुपचूप यंत्राला विचारून खेळणारा जिंकतो तें यंत्राच्या बळावर, आणि त्याचें मानांकन चढतें तें खोटें. तो पकडला गेला तर खातें बंद होतें. न पकडला गेला तर नुकसान अधिक, कारण स्वतःचें बळ किती, हेंच त्याला कधीं कळत नाहीं.

मुलगा मोबाइल घेऊन बसला असतां वडिलांनीं किती डाव जिंकलास, असें विचारण्यापेक्षां शेवटचा डाव कां हरलास, असें विचारून पाहावें. त्या प्रश्नाला त्याला नीट उत्तर देतां आलें, तर तो वेळ वायां गेला असें म्हणण्याचें कारण नाहीं.