विषाणूंचे अंतरंग
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



घरात लेकराला पडसे झाले, अंग तापले, की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो आणि एखादे जोरदार प्रतिजैविक लिहून द्या, असा आग्रह धरतो. हा आग्रह बहुधा निष्फळ का ठरतो, हे समजण्यासाठी विषाणूंचे अंतरंग पाहिले पाहिजे. तेच आज आम्ही आपल्यापुढे उलगडणार आहोत.

१८९२ साली इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणूंनाही अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. तो गाळीव रस लावताच निरोगी रोपेही रोगट झाली. म्हणजे जिवाणूहूनही सूक्ष्म असे काहीतरी त्यात होते. पुढे १९३५ साली स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचे स्फटिक मिळवले. बाटलीत मिठासारखे निश्चल पडून राहणारे ते द्रव्य पानावर चोळले की पुन्हा रोग उत्पन्न करी! त्याला सजीव म्हणावे की निर्जीव, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

विषाणूची रचना विलक्षण साधी आहे. आत डीएनए किंवा आरएनए यांपैकी एक न्यूक्लिइक आम्ल आणि भोवती प्रथिनांचे कवच. तंबाखूच्या विषाणूत एकाच प्रकारचे सुमारे २,१३० प्रथिन-रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले असतात. पोलिओच्या विषाणूचे कवच वीस पैलूंचे असून तो इतका लहान, की एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ३३,००० ओळीने मावतील. इन्फ्लुएंझा, गोवर, करोना यांच्या विषाणूंना वर आणखी एक मेदयुक्त आवरण असते. ते मात्र आश्रयदात्या पेशीकडूनच घेतलेले असते.

विषाणूजवळ जणू पाककृतीचा कागद असतो, परंतु चूल नाही, भांडी नाहीत, शिधाही नाही. म्हणून तो जिवंत पेशीला चिकटतो, आपले न्यूक्लिइक आम्ल आत पोहोचवतो आणि तिच्याच सामग्रीवर स्वतःच्या असंख्य प्रती घडवून घेतो.

आता आरंभीच्या आग्रहाकडे वळू. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते. विषाणूला भित्तिकाच नाही, तेव्हा घाव घालायचा कोठे? उलट, अकारण घेतलेल्या औषधाला जिवाणू मात्र दाद देईनासे होतात. साबणाने करोनासारख्या विषाणूंचे मेदाचे आवरण विस्कटते. पोलिओच्या विषाणूला ते आवरण नसते आणि तो दूषित पाण्यातूनही पसरतो. तेथे स्वच्छ पाणी आणि लस हेच खरे उपाय.

लस शरीराला विषाणूची आगाऊ ओळख करून देते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० साली वेगळा काढलेला करोना विषाणू निष्क्रिय करूनच ‘कोव्हॅक्सिन’ तयार झाली.

परावलंबन हेच विषाणूचे बळ आणि हेच त्याचे मर्म. देवीचा विषाणू केवळ माणसाच्या आश्रयाने टिकत होता. लसीकरणाने तो आश्रय तुटला. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. ज्या रोगाला आपल्या पूर्वजांनी भयाने देवीचे नाव दिले, तो माणसाने माणसाला जपल्यामुळे संपला. म्हणून मुलांच्या लसी वेळेवर टोचवून घ्याव्यात आणि डॉक्टर प्रतिजैविक नको म्हणाले, तर त्यांचे ऐकावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.