गोष्ट लिहायला बसताना

(नवोदित कथालेखकांसाठी आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, 'कथा कशी लिहावी' हा विषय मला दिला गेला तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. रेडिओवरून पोहायला शिकवण्यासारखंच आहे हे. पण बरीच वर्षं मी एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथा वाचतो आहे. पावसाळा लागला की पाकिटं यायला लागतात. आता पाकिटांच्या जागी बहुतेक ई-मेल येतात, एवढाच फरक. त्या वाचनातून जे मनात साठलंय तेवढंच सांगतो. कथेची व्याख्या, कथेचे घटक, सुरुवात-मध्य-शेवट हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, ते तिथंच सुखानं राहू दे.

नव्या लेखकांच्या कथांमध्ये माणसं फार मरतात. प्रेमभंग झाला, मेला. नोकरी गेली, मेला. सुनेनं सासरी काय सोसलं हे चार पानांत सांगून झालं, की पाचव्या पानावर विहीर. आता आयुष्यात मरण नाही असं कोण म्हणेल? पण बऱ्याचदा ते मरण त्या पात्राला आलेलं नसतं. लेखकाला पुढं काय लिहावं हे सुचलेलं नसतं, म्हणून ते आलेलं असतं.

मागे नाशिक जिल्ह्यातल्या एका तरुणाची कथा आली होती. कांदा पिकवणारा बाप, पडलेला भाव, शेवटी बाप गळफास घेतो. पहिली दोन पानं नुसती आभाळाची. काळंकुट्ट आभाळ, भेगाळलेली भुई, भेगाळलेल्या टाचा. अक्षर सुंदर होतं आणि मुलगा प्रामाणिक होता, हे ओळीओळीतून कळत होतं. मी त्याला फोन केला आणि विचारलं, "अरे, कांदा विकल्यावर जी पट्टी मिळते ती कशी असते?"

तो वीस मिनिटं बोलत होता. पहाटे ट्रॅक्टर जोडून निघायचं, बाजार समितीच्या आवारात रांगेत उभं राहायचं. लिलाव करणारे येतात. एक जण कांद्यात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा एक कांदा उपसून दाबून बघतो आणि आपल्या ट्रॉलीसमोर मिनिटभरही थांबत नाही. त्या मिनिटात चार महिन्यांचा निकाल लागतो. मग काटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणं, मग हातात पट्टी. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई अशी वजावट, आणि तळाशी उरलेली रक्कम. त्याचा बाप ती पट्टी नीट घडी घालून टोपीत ठेवायचा. खिशात नाही, टोपीत. का, ते मुलालाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, कथा ही आहे. आभाळ राहू दे. टोपीतली पट्टी लिही.

त्याचं म्हणणं असं की, एवढ्याशा गोष्टीत काय आहे? वाचणाऱ्याला धक्का बसायला हवा. ही समजूत मला वारंवार भेटते, म्हणून जरा थांबून बोलतो. धक्का द्यायला वर्तमानपत्र आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. याहून मोठा धक्का तुम्ही-आम्ही कल्पनेनं काय देणार? पण बातमी तिथं संपते. तो माणूस घरी गेला असेल. बायकोनं विचारलं असेल, काय आलं? तो काय म्हणाला असेल? चेक त्यानं दाखवला, की शर्टाच्या आतल्या खिशात तसाच राहू दिला? ती तारीख उजाडली तेव्हा दोन रुपयांसाठी बँकेच्या रांगेत उभं राहायचं की नाही, हे त्यानं कसं ठरवलं? असा प्रसंग घेऊन गोष्ट लिहिणाऱ्याचं काम त्या घराच्या उंबऱ्याशी सुरू होतं. ती गोष्ट त्या खऱ्या माणसाची असायचं कारण नाही. तुमच्या ओळखीच्या घराची असेल. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' जरूर वाचा. बाजारात भाव कोसळल्यावर स्वतः पिकवलेले टोमॅटो पायांखाली तुडवणारा बाप त्या कथेत आहे. तो मरत नाही. तुडवतो. आणि वाचणाऱ्याला पुन्हा भाजी बाजारात घासाघीस करवत नाही.

त्या तरुणाच्या कथेत आणखी एक गोष्ट खटकत होती. बाप मुलाला म्हणतो, "बाळा, मी आता पूर्णपणे हताश झालो आहे." मी विचारलं, तुझे वडील असं बोलतील? तो हसला. म्हणाला, "ते कशाला असं बोलत्यात? ते म्हणतील, बैलांला पाणी दावलं का?"

बघा, बापाची सगळी हताशा त्या बैलांच्या पाण्यात आली. ती मुलाला माहीत होती, पण कागदावर उतरली नाही. कारण लिहायचं म्हणजे शुद्ध लिहायचं, असं शाळेनं त्याला शिकवलेलं. आपली घरची भाषा अशुद्ध आहे हे आपल्याकडच्या मुलांच्या मनावर इतक्या लहानपणी बिंबवलं जातं की लेखणी हातात घेतली की ती आपोआप परकी होतात. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. या मुलांपैकी कितीजण दोन-तीन कथा लिहून, त्या आपल्यालाच खोट्या वाटल्या म्हणून, गप्प बसले असतील! त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाची गोष्टही गप्प बसते.

आणि वाट तर कधीच मोकळी झालेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ची. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळपास मिळालीच नाही, त्यांची 'फकिरा' १९५९ची. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६०ची. त्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि त्या बोलण्यातच तिचा ताठ कणा दिसतो. १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' आला आणि मराठी कथेला तोवर न दिसलेली माणसं दिसली. एवढी पुस्तकं मिळवून वाचा. विकत घ्यायची ऐपत नसेल तर तालुक्याच्या ग्रंथालयात वर्गणी भरा. तिथल्या कपाटांना वाचकाची गरज आहेच.

पण बोली म्हणजे फोडणी नव्हे. प्रत्येक वाक्यात एक 'काहून' नाहीतर 'खंय' टाकला की कथा वऱ्हाडची किंवा कोकणची होत नाही. ती भाषा तुमच्या कानात नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. गोष्ट सांगणारा कोण आहे, हे एकदा ठरवा आणि त्याला सोडू नका. 'बनगरवाडी' तिथं नव्यानं गेलेला तरुण मास्तर सांगतो. वाडी त्याला जशी थोडी थोडी कळते तशीच ती आपल्याला कळते. नव्या लेखकांच्या कथेत पहिल्या पानावर मुलगा सांगतो, दुसऱ्या पानावर आईच्या मनातलं कळतं, तिसऱ्यावर लेखक स्वतःच समाजावर भाष्य करायला उभा राहतो. हे भाष्य तर पहिलं काढून टाका.

आता मी रेडिओवर बोलतोय म्हणून एक उपाय सुचवतो. लिहून झालेली कथा मोठ्यानं वाचा. घरात कुणी ऐकणारं असेल तर उत्तमच, नसेल तर भिंतीला ऐकवा. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, त्यामुळे जिथं त्याचं लक्ष सुटतं तिथं कथा सैल आहे हे लगेच कळतं. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केलं. त्यांच्या कथांमध्ये जीभ अडखळेल असं वाक्य सहसा सापडत नाही, हा योगायोग नसावा. शिवाय माडगूळकर अनेक वर्षं याच आकाशवाणीत, पुण्याला, नोकरीला होते.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एका बाईंनी पत्रातून विचारलं होतं : माझ्या कथेतली सासू माझी सासू आहे, हे गावात सगळ्यांना कळेल. मी लिहू की नको?

नावगाव बदला, असं आपण पटकन सांगतो. पण नाव बदलून काही होत नाही. शेजारीण नावावरून नाही, कपाटाच्या किल्ल्यांवरून ओळखते. मी त्यांना लिहिलं की, आधी लिहून काढा, पूर्ण लिहा, लिहिताना कुणालाही घाबरू नका. मग वही महिनाभर बाजूला ठेवा. पुन्हा वाचताना बघा, सासूला तिची बाजू मिळाली आहे का? किल्ल्या कमरेला लावायच्या आधी ती स्वतः कुणाच्या हाताखाली होती? ते लिहिलं नसेल तर कथा झाली नाही, तक्रार झाली. तक्रार खरी असेल, पण ती घरातच बोलायला हवी किंवा वकिलाकडे. आणि ते लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा ती बाई तुमच्या सासूपासून आपोआप वेगळी झालेली असते. छापायचं की नाही हे त्यानंतर ठरवा. तो निर्णय तुमचा. त्याची किंमत तुम्ही मोजणार आहात, मी नाही.

त्या नाशिककडच्या मुलाचीही अडचण हीच निघाली. वडील धडधाकट आहेत, मराठी वाचतात. "कथेत मारलं म्हणून रागावतील का?" असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, मारलं म्हणून नाही, पण टोपीतली पट्टी वाचून कदाचित गप्प होतील. तेवढी तयारी ठेव.

संपादकांविषयी. १९८२ साली बंद झालेल्या 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. त्याच 'सत्यकथे'ची १९६९ मध्ये बंडखोर तरुणांनी जाहीर होळीही केली. तेव्हा संपादकाचं ऐकावं, पण त्याला देव मानू नये. आता एवढी पत्रं लिहायला कुणाला सवड नाही. बहुतेक ठिकाणांहून नकारही येत नाही, नुसतीच शांतता. ती मनाला लावून घेऊ नका.

बाकी किरकोळ व्यवहार. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं सुरू केली आणि आजही नव्या कथेला मोठं दार तेच. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, पण जुळणी आषाढ-श्रावणातच होते. गणपतीनंतर पाठवलेली कथा पुढच्या वर्षासाठीच धरा. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. युनिकोडमध्ये टंकलेली असावी, मोबाइलवर टंकली तरी चालते, फक्त एकदा कागदावर छापून तपासा. स्वतःजवळ प्रत ठेवा. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ आहेत. पाच-सहा कथा कुठंतरी छापून येईपर्यंत त्यांच्याकडे फिरकू नका, नाहीतर पलंगाखाली गठ्ठे पडून राहतील. आणि कथा स्वीकारली असं कळलं की मानधनाचं विचारा. लाजू नका. देत नसतील तर निदान अंकाच्या दोन प्रती मागा. एक तुम्हाला, एक वडिलांना.