बांध सर्वांचा, मानस कोणाची?



पेडणे-डिचोलीच्या नदीकाठी ज्यांची खाजन शेती आहे, त्यांना बांधाचे मोल सांगावे लागत नाही. बांध गावाचा, तो राखण्याचे कष्टही गावाने वाटून घ्यायचे. मानशीची पावणी मात्र एकट्याच्या हाती जाते. अधिक मासळीच्या लोभाने त्याने दार भलत्या वेळी उघडे ठेवले, की खारे पाणी सर्वांच्या भातात शिरते.

संगणकाच्या क्षेत्रातही असे बांध आहेत. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक-प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती. म्हणून न्यासाने १९९९ मध्ये कातिपो या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली घडवून घेतली आणि ती जगाला मुक्त केली. नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परतफेडीची जाणीव ठेवून स्वीकारायची भेट. जगभरच्या ग्रंथालयांनी ती स्वीकारली, तिच्यात भर घातली.

२००७ मध्ये कातिपोचा हा व्यवसाय लिबलाइम या अमेरिकन कंपनीने विकत घेतला. पुढे तिने आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती काढली, आणि इतरांशी तिचे बिनसले. २०१० मध्ये लिबलाइमच पीटीएफएस या कंपनीकडे गेली. २०११ मध्ये 'कोहा' या नावावरच न्यूझीलंडमध्ये व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला गेला. ज्या ग्रंथालयाने भेट दिली, त्यालाच नावासाठी झगडावे लागले! अखेर निर्णय ग्रंथालयाच्या बाजूने लागला.

कोहा ज्या मायएसक्यूएलच्या आधारावर उभी राहिली, तेही २००८ मध्ये सन आणि २०१० मध्ये ओरॅकल या कंपन्यांकडे गेले. त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्या मूळ संहितेवरून मारियाडीबी उभे केले.

दोन्ही ठिकाणी मुक्त परवान्यामुळे संहिता कोणाला कोंडता आली नाही. मात्र नाव आणि संकेतस्थळ परक्या हाती जाऊ शकले. परवाना वाट मोकळी ठेवतो. त्या वाटेने चालणारी माणसे नसतील, तर तो कागदच राहतो.

ग्रंथसूची संगणकावर नेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. आपली सूची हवी तेव्हा, हव्या त्या प्रणालीत नेता येईल काय? आणि फुकट मिळालेल्या या साधनाच्या डागडुजीत आपला वाटा कोणता? सभासदांच्या वर्गणीवर वाढलेल्या संस्थेला दुसरा प्रश्न अवघड वाटू नये. बांधावर आपली पाटीभर माती पडली पाहिजे.