बँकेचा नकार आणि श्रावकाचा व्यवहार

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)

 

आपल्या वडपे परिसरात नाशिक महामार्गालगत शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. कापडाच्या व्यापारातून आपल्यापैकी काही जण बांधकामाकडे वळले. त्यांत मीही होतो. मालाच्या तारणावर कर्ज घेण्यात माझी हयात गेली. परंतु गोदामासाठी केलेला अर्ज बँकेने परत केला, तेव्हा तो मला अपमान वाटला.

कारण पुढे उमगले. तागे मोजता येतात, विकता येतात. अर्धवट भिंत विकून कर्ज फिटत नाही. म्हणून बँक निर्वेध मालकी आणि मंजूर नकाशा मागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खासगी विकासकास जमीनखरेदीसाठी बँक कर्ज देत नाही. ते भांडवल स्वतःचेच लागते. प्रकल्प-कर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्यांतही परवानग्या आधी आणि पैसा नंतर, हाच क्रम आहे.

मी मात्र कागदपत्रे पूर्ण करण्याऐवजी समाजातील ओळखीच्या माणसांकडून शब्दावर पैसा उचलला. काम रखडले, व्याज चढत गेले. त्या रकमेत एका विधवा भगिनीने मुलीच्या लग्नासाठी साठविलेली पुंजी होती. दुकानाचा एक गाळा विकून ती मी परत केली. पण सहा महिने उशिराने. तेवढे दिवस मंदिराच्या पायरीवर मी त्यांची नजर चुकवीत असे. बँकेने नाकारलेली जोखीम मी साधर्मिकांच्या माथी मारली होती.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या वैभवास पहिले स्थान दिले आहे. आपल्या न्यासालाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ प्रमाणे मनमानेल तसे कर्ज काढता येत नाही. हा अडथळा नव्हे. समाजाच्या पैशाभोवतीचे ते कुंपण आहे.

तरुण बंधूंना एकच विनंती. बांधकामासाठी कोणी शब्दावर पैसा मागितला, तर प्रथम सातबारा व मंजूर नकाशा पाहा. मागणारा घरचा असला तरी पाहा. आणि बँक नाही म्हणाली, तर रागावण्यापूर्वी कारण विचारा.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असल्यास मिच्छामि दुक्कडम्.