सैन्यातील नोकरी किती वर्षांची?
(मिरज येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



भरतीसाठी पहाटे धावणारी मुले आपण रोज पाहतो. उंची, छाती, धाव यांची चौकशी सारे करतात; नोकरी किती वर्षांची, हे फारसे कोणी विचारीत नाही. परवा एका माउलीने आम्हांस विचारले, "पोरगं चार वर्षांनी येणार म्हणजे सुट्टीवरच ना?" म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आपल्या घरांना फौजेची नोकरी नवी नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांचे वडील मालोजीही फौजेतच होते. रामजींनी लष्करी शाळेत शिकविले, पुढे त्यांना पेन्शन लागली. ती पेन्शन आणि नंतरची लहानशी नोकरी यांवर घर चालले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुऱ्या मुदतीची नोकरी घराला काय देते, ते इथे शेजारीच पाहायला मिळते.

परंतु १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे हवी होती, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. अवघी चार वर्षे! पुढे बाबासाहेबांनी नेटाने प्रयत्न केले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

आता आजचे. अग्निपथपूर्वी भरती झालेल्या शिपायाची मुदत १७ वर्षे, त्यापुढे २ वर्षे राखीव. आणि १५ वर्षे भरली की पेन्शन. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीराची मुदत प्रशिक्षणासह ४ वर्षांची. मध्येच मनात आले म्हणून सोडून येता येत नाही. चार वर्षांनंतर, योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे, शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होतात व किमान १५ वर्षे आणखी राहतात. बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सुमारे ११ लाख ७१ हजार सेवानिधी मिळतो. त्यातली निम्मी रक्कम मुलाच्याच पगारातून कापलेली असते. पहिल्या वर्षी पगार महिना ३०,००० असला तरी हातात २१,००० येतात. त्या २१,००० वर घराचे मोठे कर्ज काढणारे पालक आम्ही पाहिले आहेत. कर्जाचे हप्ते दहा वर्षांचे, नोकरी चार वर्षांची!

लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले. विशीतला मुलगा चोविशी-पंचविशीत परत येतो, तेव्हा हाती दहावीच असेल तर पोलीस भरतीचा अर्जही अडतो. दहावीवर गेलेल्यास सेवेत असताना मुक्त विद्यालयाकडून बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय जाहीर झाली आहे. पदवीसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे. जाऊ नका, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमच्यातलेच काहीजण वर्दीच्या पगारावर शिकले.

त्या माउलीला आम्ही हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आधी बारावी होऊ दे त्याची." मुलगा आज इथेच बसला आहे. त्याची परीक्षा फेब्रुवारीत आहे.