रेचकाची सवय



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली. मी निवडलेला विषय ऐकून चिटणीसांच्या मुखावर स्मित उमटले. विषय रेचकाचा. चारचौघांत त्याचा उच्चार करण्यास आपण संकोचतो. चूर्णाची बाटली मात्र बहुतेक घरांच्या फडताळात असते.

आमच्या बालपणी रविवारची सकाळ म्हणजे एरंडेल. आल्याच्या चहातून ते पाजले जाई. नाक दाबण्याचे काम वडीलधाऱ्यांचे! एरंडेल, सोनामुखी ही औषधे आतड्यास डिवचून हालचाल करवितात. क्वचित् घेतल्यास सहसा बाधा होत नाही. परंतु रेचकाने आतडे रिकामे झाले की ते पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस सहज लागतात. त्या अवधीत शौचास न होणे स्वाभाविकच होय. मनुष्य मात्र कोठा धरला असे समजून दुसरी मात्रा घेतो, मग तिसरी. वारंवार जुलाब झाल्याने शरीरातील पाणी व पोटॅशियम घटते, अशक्तपणा येतो, प्रसंगी हृदयाची लयही बिघडते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना हा धोका अधिक. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत खरी नव्हे. इसबगोलदेखील भरपूर पाण्यावाचून घेतल्यास घशात वा आतड्यात अडकते. पालेभाजी, पुरेसे पाणी, चालणे आणि न्याहारीनंतर शौचाची ठरलेली वेळ, यांनी पुष्कळांचे काम भागते. मलावाटे रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर चूर्ण बाजूस ठेवून वैद्यकीय तपासणी करवावी.

पण मी हा विषय घेतला तो एका निराळ्या कारणाने. १९७० साली माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता. बेंबीभोवती दुखू लागले, उलटी झाली. शौचास दोन दिवस झाले नव्हते. आजीने मायेने एरंडेल पाजले. रात्री वेदना उजवीकडे खाली सरकली आणि पहाटे एकाएकी शमली. आम्हांस हायसे वाटले! उजाडता पोट फळीसारखे ताठ झाले होते, अंगात ताप होता. अपेंडिक्स फुटले होते. ते सुजले असता रेचकाने आतडे जोराने आकुंचन पावते व फुटण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी समजाविले तेव्हा आजी दाराशी उभी होती. पोटदुखीबरोबर उलटी वा ताप असेल तर रेचक मुळीच देऊ नये, हे आमच्या घरात त्या दिवशी प्रथम कळले.

शस्त्रक्रिया झाली, महिनाभराने भाऊ घरी आला. आजीने एरंडेलाची बाटली परसात उपडी केली. त्याविषयी ती पुन्हा कधीही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.