न्हाणीतून उलटं येणारं पाणी

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

भाकरी थापत असाल तर थापत राहा, कान तेवढा इकडे असू द्या. आजचा विषय तसा बोलायचा नाही, नाकाला पदर लावायचा आहे. पण दर पावसाळ्यात तो आपल्याच वाट्याला येतो. जोराचा पाऊस लागला की न्हाणीतून, संडासातून घाण पाणी उलटं घरात येतं, त्याचं काय करायचं?

२०२४ चा पोळा आठवतो ना? १ आणि २ सप्टेंबरला आपल्या जिल्ह्यात पाऊस कसा कोसळला ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. त्या रात्री आमच्या न्हाणीतून गुडगुड आवाज यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नळ चालू राहिला का बघ." जाऊन बघते तर जाळी वर उचललेली आणि खालून काळं पाणी येतंय. मला वाटलं, पाइप तुंबला. फरशी धुवायची ॲसिडची बाटली होती, ती सगळी ओतली. पाणी खाली गेलं नाहीच, उलट ॲसिड मिसळलेलं तेच पाणी माझ्या पायाशी आलं. पायाची आग, डोळ्यांना धारा. सकाळी कळलं की आमच्या पाइपात काहीच अडकलेलं नव्हतं. गल्लीतली नाली काठोकाठ भरली होती आणि तिचं पाणी पाइपातून आमच्याकडे येत होतं. मी बाटली ओतली ती सगळ्या गल्लीच्या पाण्यावर!

म्हणून पहिली गोष्ट. पाणी वर आलं की आधी ओळखायचं, हे पाणी कोणाचं? पाऊस नसताना, आपण बादली ओतली की तुंबतं, तर ते आपलं पाणी. आपल्या पाइपात केस, साबणाचा गाळ, भांड्यांची राख, खरकटं अडकलेलं असतं. तिथं चेंबर उघडून बांबूच्या पट्टीनं किंवा तारेनं साफ करायचं, काम भागतं. पण आपण थेंबभर पाणी ओतलं नाही, तरी पावसात वर येतं, तर ते गल्लीचं पाणी. तिथं ॲसिड, सोडा, तार, कशाचाही उपयोग नाही. पाणी आपली पातळी शोधतं. नालीतलं पाणी न्हाणीच्या जाळीपेक्षा उंच झालं, की ते न्हाणीतून निघणारच.

तिसरा प्रकारही असतो, आणि तो आपणच करून ठेवलेला असतो. स्लॅबचा किंवा पत्र्याच्या पन्हाळीचा पाइप गवंड्यानं न्हाणीच्या लाइनला जोडून दिलेला असतो. पाइप वाचला म्हणून आपणही खूश. आता हिशेब करा. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर एवढा पाऊस पडला तर पाणी होतं जवळजवळ ३,००० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पंधरा ड्रम. दोन बादल्यांच्या अंघोळीसाठी टाकलेल्या पाइपातून पंधरा ड्रम कसे जाणार? छताचं पाणी न्हाणीच्या, संडासाच्या लाइनला कधीही जोडू नका. जोडलेलं असेल तर मृगाच्या आत तोडून घ्या. छताचं पाणी वेगळ्या पाइपानं बाहेर, उताराकडे.

आता त्या रात्री काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी घरातलं पाणी वापरणं बंद. भांडी, धुणं, अंघोळ, संडासात बादली, काही नाही. बाहेर वाट बंद असताना आपण ओतलेलं प्रत्येक तांब्याभर पाणी आपल्याच घरात राहतं. पाणी बोर्डाकडे, मोटरीकडे चढायला लागलं तर कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करा. पायाखाली ओल असेल तर बोर्डाला हात लावू नका.

मग न्हाणीची जाळी काढा. भोकात बसेल असा दोन-अडीच फुटांचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बसवा. फट राहू नये म्हणून त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. पाणी पाइपात चढेल, बाहेरच्या पातळीला येऊन थांबेल, फरशीवर पसरणार नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण तुकडा आधी मापानं कापून ठेवलेला पाहिजे. रात्री दोनला सायकलची ट्यूब सापडत नाही. पाइप नसेल तर वाळू भरलेली पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून भोकावर ठेवा, वर पाट्याचं वजन द्या. पण लक्ष असू द्या, न्हाणी दाबली तर पाणी संडासाच्या भांड्यातून वाट काढू शकतं.

दर वर्षी हेच होत असेल तर घराबाहेरच्या लाइनवर एका बाजूनं उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबर त्याला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. पाणी बाहेर जातं, उलटं येत नाही. त्याच्या झडपेत कचरा अडकला की तो निकामी, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करायचा. आणि बाहेर नाली भरलेली असताना ती झडप आपल्याही पाण्याला अडवते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाणी ओसरलं की साफसफाई आपल्याकडेच येते. पायात बूट, हातात मोजे घाला. पायाला चीर, जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. आणि एक अगदी पक्कं लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करायचं नाही. एक आज, दुसरं उद्या असंही त्याच ओल्या फरशीवर नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो, तो छातीत जातो. आपल्याकडच्या न्हाण्या लहान, खिडकी वीतभर, तिथं हा वायू जीवावर बेतू शकतो.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. आपल्या कितीतरी गल्ल्यांत नळाचा पाइप नालीतून गेलेला असतो. नळ बंद असताना पाइपाला कुठं फट असेल तर नालीचं पाणी आत शिरतं. म्हणून अशा पावसानंतर आलेलं पहिलं पाणी सोडून द्या, नंतरचं खळखळून उकळा. भरलेल्या टाकीत ब्लीचिंग पावडर किती, ते आशाताईंना विचारा. नेहमीचं माप हजार लिटरला पाच ग्रॅम आहे.

आता जे बोलताना जीभ जड होते, ते. मे २०२३ मध्ये आपल्याच सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. टाकीत वायू साचलेला असतो, तो दिसत नाही. आत उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही जाऊ शकतो. आपली टाकी पावसात तुंबली, संडास वापरता येईना, की घाई होते. "शंभर-दोनशे जास्त घे, पण उतर बाबा," असं आपल्या तोंडून निघून जातं. ते निघू देऊ नका. टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण कायदा नसता तरी तो कोणाच्या तरी घरचा माणूसच आहे. नगरपालिकेची किंवा खाजगी मैला उपसणारी गाडी बोलवा. चार दिवस शेजारणीचा संडास वापरू, पण टाकीत माणूस नको.

राहिला प्रश्न गल्लीचा. कितीतरी ठिकाणी जुन्या रस्त्यावर नवा सिमेंट रस्ता, त्यावर पुन्हा एक, असं करत रस्ता उंबऱ्याच्या वर आला आणि घरं खड्ड्यात गेली. हे काम सुरू व्हायच्या आधी बोलायचं असतं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघतात ना, तशी वीस-पंचवीस फुटांची नळी आणा. एक टोक न्हाणीच्या जाळीशी, दुसरं नालीच्या काठाशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबतं. नालीचा काठ जाळीपेक्षा उंच दिसला, तर नाली भरल्यावर पाणी आपल्याकडेच येणार, हे डोळ्यांनी कळतं. ते माप अर्जात लिहा, गल्लीतल्या दहा जणींच्या सह्या घ्या, अर्जाची पोच घ्या. गावात ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय लिहून घ्यायला लावा. आणि १ मेची ग्रामसभा चुकवू नका, कारण त्यानंतर पावसाला महिनाच उरतो.

नालीतलं पाणीच कमी करायचं तर शोषखड्डा आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव, हिमायतनगर तालुक्यातलं, याच खड्ड्यांमुळे नावाजलं. घरोघरी सांडपाणी जिरवलं, उघड्या नाल्या गेल्या, डास कमी झाले. पण आपल्या काळ्या मातीत वरवर खणून भागत नाही. ती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. खड्डा भिंतीपासून लांब, विहीर-बोअरपासून निदान पन्नास फुटांवर हवा, आणि त्यात छताचं पाणी सोडायचं नाही. संडासाचं तर नाहीच.

मैत्रिणींनो, घर बांधताना देवघर कुठं, ओटा कसा, हे आपल्याला विचारतात. न्हाणीचा उतार कुठं, हे कोणी विचारत नाही. पण रात्री दोनला सुपल्यानं घाण पाणी आपणच उपसतो. म्हणून उतार कुठं, हेही आपणच विचारायचं.

आज एवढंच करा. घराबाहेर जा आणि छताचा पाइप कुठं जातो ते बघून या. न्हाणीच्या लाइनला जात असेल तर पहिलं काम तेच.